चढ डोळ्यांनी मोजू नका

सोयगावहून वेताळवाडी किल्ल्याच्या पायथ्याने हळद्याकडे जाणारा घाट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. पोलीस भरतीच्या १६०० मीटर धावेची तयारी करणारा माझा एक विद्यार्थी त्या घाटात सराव करी. एकदा तो खिन्न होऊन म्हणाला, "सर, सपाटीपेक्षा घाटात मला दीडपट वेळ लागतो. माझा दमच कमी आहे. भरतीचा नाद सोडतो."

मी विचारले, "चढ किती आहे?"

"चाळीस अंश तरी असेल!"

चाळीस अंश म्हणजे १०० मीटर पुढे जाताना ८४ मीटर वर! अशा रस्त्यावर एस. टी. चढेल का? पण दोष त्याचा नव्हता. डेनिस प्रॉफिट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९९५ साली दाखवून दिले, की ५ अंशांचा चढ लोकांना २० अंशांच्या आसपास वाटतो. धावून थकल्यावर तर तो आणखीच उभा भासतो.

म्हणून चढ मोजावा. गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी घ्या, तीत पाणी भरा. दहा मीटर अंतरावर दोघांनी तिची टोके उभी धरावी. दोन्हीकडे पाण्याची पातळी एकच राहते. रस्त्यापासून पाण्यापर्यंतची उंची दोन्ही टोकांशी मोजा. फरक ५० सेंटिमीटर आला, तर चढ ५ टक्के, म्हणजे ३ अंशांहूनही कमी. आणि १०० टक्के चढ म्हणजे उभी भिंत नव्हे, तर ४५ अंश, हेही ध्यानात ठेवा. मोजणी मात्र वर्दळ नसताना, शिक्षकांसोबतच करा.

आमच्या मोजणीत फरक ८० सेंटिमीटर आला, म्हणजे चढ ८ टक्के. इटलीच्या मिनेत्ती व सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनुसार सपाटीच्या तुलनेत ५ टक्के चढावर धावायला सुमारे १.३ पट, ८ टक्क्यांवर दीडपट, तर १० टक्क्यांवर सुमारे १.६५ पट ऊर्जा लागते. जोर तेवढाच लावला, तर वेळही साधारण त्याच पटीत वाढणार. म्हणजे त्याचा दम कमी नव्हताच. घाटातही तो सपाटीइतकाच जोर लावत होता!

क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे : घाटातील वेळ सपाटीच्या वेळेशी ताडून मुलांना नाउमेद करू नका. आणि गणिताच्या शिक्षकांनो, त्रिकोणमितीचा 'टॅन' एकदा तरी घाटरस्त्यावर शिकवा. तेथे तो मुलांना पाठ करावा लागणार नाही.