मागचा खिसा दुसऱ्याचा



या खेपेला आमच्या सदरात एका प्रश्नाचं उत्तर. पुष्कळ जण विचारतात, की हाताशी तीन-चार दिवस असले तर युरोपातलं एखादं शहर कसं पाहावं, आणि पाकीट, पासपोर्ट व गुडघे शाबूत ठेवून घरी परत कसं यावं? आम्ही असा प्रवास दोनदा केला. दोन्ही वेळा अथेन्सला गेलो. तेवढ्या अनुभवावर लिहितो.

अथेन्सच का, ते आधी सांगायला हवं. आम्ही राहतो अबू हमूरला. नव्या वाचकांसाठी सांगतो, हा कतारमधल्या दोहा शहराचा दक्षिणेकडचा भाग. इथं भारतीय शाळा बऱ्याच, दार अल सलाम मॉल जवळ, आणि वेगवेगळ्या पंथांची चर्चं एकाच मोठ्या आवारात. शुक्रवारी सुट्टी असल्यामुळे त्या आवाराकडे जाणाऱ्या रस्त्यांवर गाड्यांची ही गर्दी! आमची आई आमच्याजवळ असते. तिची थोरली बहीण, म्हणजे आमची मावशी, दिमोनाला. दोघी मिळून दीडशे वर्षांच्या वर आहेत, आणि दोघींना एकमेकींना भेटायचं असतं.

आता बघा. दोह्याहून तिकडे थेट विमान नाही. २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी, २० नोव्हेंबरपासून, तेल अवीवहून खास विमानं दोह्याला आली होती, पण तो अपवाद. एरवी मावशीला तिच्या पासपोर्टवर इथे येता येत नाही. आईला वाट वाकडी करून दिमोना गाठता येईल, पण मधे विमान बदलायचं आणि विमानतळावर तासन् तास बसायचं, हे तिला आता झेपत नाही. म्हणून मधलं शहर. मावशीला दोन तासांचं विमान, आईला पाच तासांच्या आत-बाहेर. शुक्रवार-शनिवारची सुट्टी दोन्हीकडे सारखीच. आणि मुलांनो, एक गंमत ऐका : मार्चच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत दोहा, अथेन्स आणि इस्राएल, तिन्ही ठिकाणची घड्याळं एकच वेळ दाखवतात. फोन करताना हिशेब करायला नको.

कागदपत्रांपासून सुरुवात करू. भारतीय पासपोर्टवाल्यांना शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. जून २०२४ पासून मोठ्यांची फी ९० युरो आहे, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांची ४५. प्रवासी विमा निदान ३०,००० युरोचा हवा. इस्राएली पासपोर्टवाल्यांना १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. पण १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर नवी पद्धत सुरू झाली आहे. पहिल्या खेपेला बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, नुसता फोटो. रांग लांबते. म्हाताऱ्या माणसांसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवावी, लाजू नये.

खाऊचंही बघा. बाहेरून युरोपात मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, बर्फी, तूप घरीच ठेवा. चिवडा न्या, चिक्की न्या. आपला नारळाच्या दुधाचा हलवा त्या बंदीत येत नाही, कारण त्यात गाई-म्हशीचं दूध नसतंच! कोशर जेवणाची सोय मात्र आधी चौकशी करून ठेवावी.

आता मुख्य गोष्ट, खिसेकापूंची. अथेन्स हे काही मारामारीचं शहर नाही. संध्याकाळी बायका-मुलं रस्त्यावर असतात, हॉटेलं उशिरापर्यंत उघडी. पण विमानतळाहून गावात येणारी निळी मेट्रो, सिंटाग्मा आणि मोनास्तिराकी ही स्टेशनं, आणि मोनास्तिराकीचा बाजार, इथं पाकीटमार फिरतात. दरवाजा उघडला की दोघं-तिघं आत घुसतात, उगाच रेटारेटी करतात, आणि दार मिटायच्या आत उतरूनही जातात. कुणी गोड बोलून मनगटात दोरा बांधतो आणि मग पैसे मागतो. कुणी एकट्या माणसाशी दोस्ती करून त्याला आपल्या ‘ओळखीच्या’ बारमध्ये नेतो, आणि तिथं बिल शेकड्यांनी येतं.

आमच्या असं लक्षात आलं, की माणूस ज्या गावात राहतो त्या गावची सवय घेऊन फिरतो. अबू हमूरची मुलं मॉलमध्ये टेबलावर फोन ठेवून जागा धरतात आणि खुशाल जेवण आणायला जातात. फोन तिथंच असतो. इस्राएलातल्या मंडळींची नजर वेगळी. बेवारशी पिशवी दिसली की ती लगेच सावध होतात, पण स्वतःच्या खांद्यावरच्या पिशवीत दुसऱ्याचा हात जाईल, हे त्यांच्या मनात चटकन येत नाही. या दोन्ही सवयी अथेन्सच्या मेट्रोत उपयोगाच्या नाहीत.

मग कुठली सवय उपयोगी पडते? मुंबईची! आई आणि मावशी डोंगरीत वाढल्या. ज्या मशीद बंदर स्टेशनाला आपल्या १७९६ सालच्या प्रार्थनास्थळावरून नाव पडलं असं सांगतात, त्याच स्टेशनावर त्यांनी लोकल पकडल्या. पैसे दोन ठिकाणी, थोडे हातातल्या बटव्यात आणि बाकीचे कनवटीला. पिशवी पोटाशी, तिच्यावर हात. दारात उभं राहायचं नाही. गर्दीत कुणी विनाकारण चिकटलं तर गप्प बसायचं नाही. साठ वर्षं झाली, पण मावशीच्या अंगातून ते गेलेलं नाही. मेट्रोत आमच्या पोराचा फोन मागच्या खिशात पाहून ती म्हणाली, “अरे बाबा, मागचा खिसा दुसऱ्याचा असतो. पुढे घे.” पुढच्या स्टेशनावर एक उंचापुरा माणूस आईला खेटून उभा राहिला. डबा तर अर्धा रिकामा. मावशीनं आपली पिशवी मधे घातली आणि खणखणीत मराठीत विचारलं, “काय हो, दुसरीकडे जागा नाही का?” त्याला शब्द कळला नसणार, पण सूर बरोब्बर कळला. तो उतरून गेला.

तेव्हा आजी-आजोबांनो, युरोपात गेल्यावर ‘आम्हांला काय कळतंय’ असं म्हणून मुलांच्या मागे मागे चालू नका. या बाबतीत तुम्हीच शिकवा. आणि मुलांनो, तुम्ही नकाशा आणि तिकिटाचं मशीन सांभाळा. कामं वाटून घेतली की दोघांचाही मान राहतो.

आमच्या घरात ठरलेले नियम असे :

पासपोर्ट सगळे एकाच्याच पिशवीत ठेवायचे नाहीत. प्रत्येकाचा त्याच्याजवळ, कपड्याच्या आत. फोटोप्रती दुसऱ्या बॅगेत आणि फोनमध्येही. याला कारण आहे. भारतीय पासपोर्ट हरवला, तर वकिलातीतून मिळणारं इमर्जन्सी सर्टिफिकेट माणसाला फक्त भारतात नेतं, दोह्याला नाही. इस्राएली मंडळींना मिळणारा प्रवासाचा कागद त्यांना इस्राएलात नेतो. म्हणजे एका चोरीत आमचं कुटुंब तीन दिशांना जायचं! कतारमध्ये राहणाऱ्यांनी आपलं रहिवासी कार्ड म्हणूनच पासपोर्टपासून वेगळं ठेवावं.

लहान मुलाच्या खिशात एक चिठ्ठी, तिच्यावर हॉटेलचं नाव ग्रीक लिपीत आणि आई-बाबांचा फोन. चुकामूक झाली तर मुलानं जागचं हलायचं नाही, शोधायचं काम मोठ्यांचं. मेट्रोचं दार मधेच मिटलं, तर जो प्लॅटफॉर्मवर राहिला त्यानं तिथंच उभं राहायचं, आणि जो गाडीत राहिला त्यानं पुढच्या स्टेशनावर उतरून तिथंच थांबायचं. हा नियम आजीलाही लागू बरं का!

औषधं हातातल्या बॅगेत, मूळ वेष्टनात, डॉक्टरच्या चिठ्ठीसह, आणि आठवडाभर जास्तीची. तीन दिवसांसाठी आठवड्याची कशाला, असं कुणी म्हणेल. २०२५ चा जून आठवा. १३ तारखेला इस्राएलचं आकाश बंद झालं आणि हजारो लोक परदेशांत अडकले. २३ तारखेच्या संध्याकाळी कतारनंही काही तास आकाश बंद केलं, आणि विमानं कुठच्या कुठे वळवली गेली. एकाच महिन्यात दोन्ही बहिणींच्या घरची वाट बंद झाली होती. गोळ्या जवळ असल्या की अडकलेला माणूस निदान आजारी तरी पडत नाही. निघण्याआधी आपापल्या सरकारची प्रवासाची सूचनाही वाचून घ्यावी.

अडचण आली तर युरोपभर ११२ हा नंबर लावायचा, फुकट लागतो. ग्रीसमध्ये पर्यटकांच्या पोलिसांचा नंबर १५७१. औषधाच्या दुकानावर हिरवा क्रॉस असतो. विमानतळाहून गावातल्या टॅक्सीचं भाडं ठरलेलं आहे, दिवसाचं वेगळं आणि मध्यरात्रीनंतरचं वेगळं. बसण्याआधी विचारा.

आता पाहायचं काय? थोडं पाहा, पण बसून पाहा. आमचा हिशेब : सकाळी एक ठिकाण, दुपारी झोप, संध्याकाळी एक फेरी.

अक्रोपोलिसच्या टेकडीवर पार्थेनॉनचं देऊळ आहे. इसवी सनापूर्वी ४४७ ते ४३२ या काळात ते बांधलं. एप्रिल २०२५ पासून पूर्ण तिकीट ३० युरो आहे, आणि तिकिटावर आत जायची वेळ छापलेली असते. सकाळची पहिली वेळ घ्यावी. वरचा संगमरवर लाखो पायांनी घासून गुळगुळीत झाला आहे, तेव्हा चपला नकोत, रबरी तळव्यांचे बूट घाला. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी २०२० पासून उत्तरेच्या बाजूला लिफ्ट आहे, आधी चौकशी करून जावं. जुलै-ऑगस्ट टाळा. जुलै २०२३ च्या उन्हाच्या लाटेत भर दुपारी अक्रोपोलिस बंद ठेवावं लागलं होतं. दोह्याच्या उन्हात राहतो म्हणून आम्ही फुशारकी मारत नाही, कारण अबू हमूरला आम्ही घर ते गाडी आणि गाडी ते मॉल एवढंच ऊन खातो!

आई आणि मावशी वर गेल्याच नाहीत. त्या खाली अक्रोपोलिस म्युझियममध्ये बसल्या. २००९ साली उघडलेल्या या इमारतीत लिफ्ट आहे, बाकं आहेत, तळाशी काचेच्या फरशीखाली जुन्या वस्तीचं खोदकाम दिसतं, आणि वरच्या मजल्यावरून काचेतून समोर देऊळ दिसतं. आम्ही परत आलो तेव्हा दोघी डोंगरीतल्या कुठल्या शेजारणीनं कुणाची बरणी परत केली नव्हती, यावर वाद घालत होत्या. देवळाकडे पाठ! आमच्या मते सबंध प्रवासाचे पैसे तिथंच वसूल झाले.

मुलांना सिंटाग्मा चौकातला पहारा बदलताना दाखवा. तासातासाला बदलतो. शिपायांच्या खास पोशाखातला घागरा चारशे चुण्यांचा, बुटांवर गोंडे आणि तळव्याला खिळे. पाऊल आपटलं की टाळी पडल्यासारखा आवाज होतो.

आपल्या मंडळींनी मेलिदोनी रस्त्यावर जरूर जावं. तिथं दोन सिनॅगॉग समोरासमोर आहेत. आधी कळवून जावं लागतं आणि पासपोर्ट दाखवावा लागतो. त्यांतलं जुनं सिनॅगॉग रोमानियोत यहुद्यांचं. हे लोक दोन हजार वर्षांपासून ग्रीसमध्ये राहिले आणि ग्रीकच बोलले, जसे आपण कोकणात राहून मराठी बोललो. नाझींच्या काळात ग्रीसमधल्या यहुद्यांपैकी फार थोडे वाचले. त्यांची कहाणी निकिस रस्त्यावरच्या ज्यू म्युझियममध्ये नीट मांडली आहे. मोठ्या मुलांना दाखवावी, अगदी लहानांना नको.

शब्बाथ पाळणाऱ्यांनी हॉटेल पायी जाण्याच्या अंतरावर घ्यावं. त्या दिवशी खिशात काही नसतंच, तेव्हा पाकीटमाराचीही सुट्टी.

जाता जाता मुलांसाठी चार ग्रीक शब्द. कालिमेरा म्हणजे सुप्रभात. एफ्खारिस्तो म्हणजे आभार. ओही म्हणजे नाही. आणि ‘ने’ म्हणजे चक्क हो! मावशीला दुकानदार प्रत्येक गोष्टीला ‘ने, ने’ म्हणाला, तेव्हा ती रागावून बाहेरच पडणार होती.

तेव्हा निघण्याच्या आदल्या रात्री एक करा. नातवंडांना जवळ बसवा, तुम्ही लोकलमध्ये पिशवी कशी धरायचात ते त्यांना करून दाखवा, आणि त्यांच्याकडूनही करवून घ्या. प्रवास सुखाचा होवो. पुढच्या अंकी भेटूच.