व्हॉल्यूम कमी कर रे!

पी.एल. लागली की आपल्या हॉस्टेलवर एक भांडण ठरलेलं. एकीकडे इलेक्ट्रिक गिटारवाले, दुसरीकडे एम-३ चा बॅकलॉग घेऊन बसलेले. यंदा तर रूमवर अ‍ॅम्प ठेवायलाच बंदी घाला, अशी मागणी रेक्टर सरांकडे गेली आहे. आणि गिटारवाल्यांचं उत्तरही ठरलेलं, "मोठ्याने वाजवल्याशिवाय टोन येतच नाही यार!" मला दोघांचंही पटत नाही. आधी गिटारवाल्यांकडे वळतो, कारण मीही त्यांच्यातलाच.

हा समज आला जुन्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पवरून. व्हॉल्व्हला झेपेल त्याहून जास्त सिग्नल दिला की वेव्हची टोकं कापली जातात आणि तो भरदार, किंचित फाटलेला आवाज मिळतो. १९६६ साली जॉन मेऑलच्या ब्लूजब्रेकर्सबरोबर रेकॉर्डिंग करताना एरिक क्लॅप्टनने स्टुडिओतही मार्शल अ‍ॅम्प स्टेजइतका मोठा ठेवला, तो याचसाठी. पण आपले अ‍ॅम्प दहा-पंधरा वॉटचे, ट्रान्झिस्टरवाले. ते फुल्ल केले तर टोन आहे तिथेच राहतो, शेजारी मात्र उठतो!

ओव्हरड्राइव्ह पेडल हेच कापाकापीचं काम आधी करून ठेवतं. आत एक ऑप-अ‍ॅम्प आणि उलटसुलट जोडलेले डायोड. सिलिकॉन डायोड साधारण ०.६-०.७ व्होल्टला कंडक्ट करू लागला की वेव्ह कापली जाते. हाच क्लिपर आपण लॅबमध्ये सी.आर.ओ.वर बघतो, व्हायव्हाला त्यावर मार्क घेतो आणि रूमवर येऊन विसरतो. डिस्टॉर्शन किती हे पेडल ठरवतं, खोलीत आवाज किती हे अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम.

मग कमी आवाजात टोन पातळ का वाटतो? त्याला आपला कान कारण. आवाज कमी झाला की कानाला मिड्सच्या मानाने बास फार कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवलं आहे. म्हणून ज्या आवाजात वाजवणार, त्याच आवाजात नॉब लावा. बास किंचित वाढवा. पण भिंतीपलीकडे जास्त जातो तोही बासच, तेव्हा अ‍ॅम्प जमिनीवरून उचलून खुर्चीत, घडी केलेल्या गोधडीवर ठेवा. ट्यूब स्क्रीमरसारखं मिड्स पुढे आणणारं पेडल इथे कामी येतं. गेन वाटतो त्यापेक्षा कमीच ठेवा. थोडा डिले किंवा रिव्हर्ब दिला की दहा बाय बाराची खोलीही मोठी वाटते.

हेडफोन थेट पेडलला लावले तर मात्र आवाज चरचरतो. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं बरंच काही गाळून टाकतो, ती गाळणी इथे नसते. म्हणून मध्ये कॅबिनेट सिम्युलेशन हवं.

हे प्रश्न एका इंजिनिअरनेच मनावर घेतले होते. एम.आय.टी.चा मेकॅनिकलवाला टॉम शोल्झ पोलरॉइडमध्ये नोकरी करत होता. त्याच्या 'बोस्टन' बँडचा १९७६ चा पहिला अल्बम बराचसा घराच्या तळघरात रेकॉर्ड झाला. पुढे १९८२ मध्ये त्याने रॉकमन हा कमरेला अडकवायचा हेडफोन अ‍ॅम्प बाजारात आणला.

छातीवर आदळणारा आवाज, तारांना मिळणारा फीडबॅक हे कमी आवाजात मिळणार नाही, हे मान्य. ते गॅदरिंगसाठी राखून ठेवू.

आता बंदीवाल्यांना आणि रेक्टर सरांना विनंती. बंदीने सबमिशनच्या धबडग्यात पोरांचा एकमेव विरंगुळा जाईल, बाकी काही नाही. कॅरमचा खटखटाट आणि मॅचच्या वेळचा आरडाओरडा चालूच राहील. त्यापेक्षा साधा नियम करा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे १० ते सकाळी ६, आणि निवासी भागाला मर्यादा ४५ डेसिबल. त्या वेळेत, आणि पी.एल.मध्ये दिवसभरसुद्धा, फक्त हेडफोन. एरवी दार लावल्यावर कॉरिडॉरमध्ये ऐकू येणार नाही इतकाच आवाज. मोडला, तर अ‍ॅम्प महिनाभर सरांच्या ऑफिसात जमा!

गिटारवाल्यांनो, या नियमाखाली पहिली सही आपली हवी. मी करायला तयार आहे, तुमचं काय?