फुकटच्या श्रमांवर नफ्याचे इमले

वेबवरील सेवांसाठी लागणारी सॉफ्टवेअर-लायब्ररी कशी रचावी, हा केवळ अभियंत्यांचा प्रश्न आहे असे मानण्याची प्रथा पडली आहे. ती मोडली पाहिजे. लायब्ररी म्हणजे येथे ग्रंथालय नव्हे. नित्याच्या कामासाठी एकाने लिहून सर्वांस वापरावयास दिलेला तयार प्रोग्राम. बँकांचे, विमा कंपन्यांचे, सरकारी खात्यांचे सर्व्हर अशा अनेक लायब्रऱ्यांवर चालतात, आणि त्यांतील कित्येक बिनपगारी माणसांनी फावल्या वेळात सांभाळलेल्या असतात.

लॉग-फोर-जेचे प्रकरण पाहा. जावा भाषेतील सर्व्हरवर घडणाऱ्या गोष्टींची नोंदवही ठेवणे, एवढेच तिचे काम. नोंदवहीने आलेला मजकूर जसाच्या तसा टिपावा. परंतु २०१३ मध्ये तिच्यात एक सोय घालण्यात आली : मजकुरात विशिष्ट चिन्हांत दूरच्या संगणकाचा पत्ता आढळला, तर तेथून माहिती मागवायची. परिणामी कोणा त्रयस्थाने लॉगिनच्या चौकटीत तसा पत्ता लिहिला आणि तो नोंदवहीत गेला, की सर्व्हर परक्याचा प्रोग्राम आणून चालवू शके. कारकुनाने अर्ज दप्तरी दाखल करण्याऐवजी अर्जातला हुकूमच बजावावा, तसा हा प्रकार! डिसेंबर २०२१ मध्ये दोष उघड झाला, तेव्हा धोक्याच्या मापनात त्याला १० पैकी १० गुण मिळाले.

रचना चुकली होती, हे निर्विवाद. पण ती आठ वर्षे टिकली का? सांभाळणाऱ्यांनाही ही सोय नकोशी होती; जुन्या वापरकर्त्यांची कामे अडतील म्हणून ती ठेवावी लागली. जोखमीची रचना मोडून नवी घडवावयाची, वापरणाऱ्यांना तिच्याकडे सावकाश वळवावयाचे, तर त्यासाठी वेळ हवा, आणि वेळेला दाम लागतो. दाम मोजणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

‘स्वखुशीने दिले, मग अन्याय कसला?’ असे बाजारपेठेचे भाट विचारतात. गायरान सर्वांचे असते. म्हणून त्यात शेकडो गुरे सोडणाऱ्या धनिकाला राखणीची वर्गणी माफ होत नाही. येथे वर्गणी तर नाहीच, वर अरेरावी! जानेवारी २०२२ मध्ये एका बड्या कंपनीने ‘कर्ल’चे कर्ते डॅनियल स्टेनबर्ग यांना पत्र धाडून लॉग-फोर-जेविषयी २४ तासांत खुलासा मागितला. कर्ल सी भाषेत लिहिलेले. त्याचा लॉग-फोर-जेशी संबंधच नव्हता. स्टेनबर्ग यांनी उत्तर दिले की, आधी करार करा, मग खुलासा मिळेल. योग्यच केले.

जर्मन सरकारने २०२२ मध्ये अशा पायाभूत सॉफ्टवेअरसाठी सार्वजनिक निधी उभारला. पुढे लॉग-फोर-जेलाही त्यातून साहाय्य मिळाले. आपल्या केंद्र सरकारने मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण २०१५ मध्येच स्वीकारले आहे. आता प्रत्येक सरकारी निविदेत वापरल्या जाणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी आणि त्यांच्या देखभालीचा ठरावीक हिस्सा सक्तीचा करावा. खासगी कंपन्यांवर उपकर बसवावा. खर्च वाढल्याची ओरड त्या करतीलच. त्यांनी डिसेंबर २०२१ मध्ये रात्रंदिवस अभियंते जुंपून किती पैसा ओतला, तो आकडा आधी आपल्याच हिशेबवहीत शोधावा.