'ऑफलाइन बोलू' म्हणजे काय?

तिमाही निकाल जाहीर झाले की कंपनीचे बडे अधिकारी दलाली पेढ्यांच्या आणि म्युच्युअल फंडांच्या विश्लेषकांशी फोनवर एकत्रित बोलतात. 'सेबी'ने २०२१ साली नियम बदलल्यापासून अशा संभाषणाचे ध्वनिमुद्रण संकेतस्थळावर ठेवावे लागते. निवृत्तीनंतर मी ती ऐकत बसतो. कर्जदारांचे ताळेबंद वाचण्यात उमेद गेली, त्याची खोड, दुसरे काय!

ऐकताना एक वाक्य हटकून कानी पडते. प्रश्न जरा टोकदार झाला, की साहेब म्हणतात, 'हे आपण ऑफलाइन बोलू.' आणि पुढचा प्रश्न सुरू होतो. ते 'ऑफलाइन' बोलणे मात्र आपल्याला कधीच ऐकू येत नाही, कारण ध्वनिमुद्रणाचा नियम सामूहिक बैठकींना आहे. दोघांतल्या बोलण्याला नाही. तेथे गुपित फोडायला कायद्याने बंदी आहे, हे खरे. पण ऐकायला तिसरा कोण असतो?

अमेरिकेत अशा कानगोष्टींना २००० सालच्या 'रेग्युलेशन एफडी'ने मनाई केली. तरीही तेथील बाजार नियामकाच्या आरोपानुसार, मार्च-एप्रिल २०१६ मध्ये 'एटी अँड टी'च्या अधिकाऱ्यांनी सुमारे वीस पेढ्यांच्या विश्लेषकांना एकेकटे गाठले. तिमाहीचा महसूल बाजाराच्या अंदाजाहून कमी भरणार होता, तेव्हा अंदाजच खाली आणायचा! हे फोन निकालांच्या आधीचे, पण वाट तीच. २०२२ च्या डिसेंबरात कंपनीने आरोप मान्य वा अमान्य न करता ६२.५ लाख डॉलर भरले. एवढ्या मोठ्या कंपनीला ती रक्कम म्हणजे किरकोळ खर्च.

गुपित फोडावेच लागते असेही नाही. मागच्या वेळी 'मागणी उत्तम' म्हणणारा माणूस या वेळी 'ठीक आहे' म्हणाला, तरी जाणत्याला पुरते. कर्जदाराच्या आवंढा गिळण्यावरून आम्हीही पुष्कळ ओळखत असू. फरक एवढाच, की बँक आपल्या कर्जाची काळजी करत होती. बाजारात प्रत्येक खरेदीच्या पलीकडे एक विकणारा असतो, आणि त्याला कुणी फोन केलेला नसतो.

तो विकणारा कदाचित तुमच्याच घरात असेल. सुनेची 'एसआयपी' ज्या फंडात जाते, त्याचा विश्लेषक आतली चाहूल घेऊन शेअर उचलतो. आणि तेच शेअर सासरे आपल्या औषधपाण्यासाठी विकत असतात.

कंपन्या म्हणतात, या भेटींत घसारा, कर असले रुक्ष खुलासेच असतात. असतीलही. मग त्यांचेही ध्वनिमुद्रण ठेवायला हरकत कसली? रुक्ष असेल तर आम्हीही थोडे कंटाळू. काही कंपन्या अशा भेटींची आगाऊ सूचना शेअर बाजाराला देतात, आणि सोबत एक ठरीव ओळ जोडतात: भेटीत किंमतीवर परिणाम करणारी कोणतीही अप्रकाशित माहिती दिली जाणार नाही. भेट व्हायची असते परवा. ग्वाही आजच तयार!