आधी हात बसवा, मशीन नंतर घ्या!

जुन्या नाशकात वाडे पाडले जातायत. त्यातली सागवानी कपाटं, झोपाळे नीट करून विकायचा धंदा अनेकांच्या डोक्यात आहे. पहिला प्रश्न ठरलेला: "सर, स्प्रे गन कोणती घेऊ?" माझं स्पष्ट मत: आत्ता कुठलीच नको.

जुन्या सागाला लाखदाणा आणि स्पिरिटचं हातपॉलिश करा. कापडाचा बोळा आणि पॉलिश पेपर, एवढ्यावर सुरुवात होते. चुकलात तर स्पिरिटने काढून पुन्हा करता येतं. पीयू कडक बसतो. काढायचा तर घासत बसा. शिवाय हार्डनर मिसळल्यावर उरलेला माल काही तासांत वाया जातो.

मग पीयू कधी? जेवणाच्या टेबलाला. तिथे लाखेवर गरम भांड्याचे, पाण्याचे पांढरे डाग पडतात. आणि भर पावसात पॉलिशची घाई नको. दमट हवेत ते पांढुरकं होतं.

गिऱ्हाईक जुनेपणाचे पैसे मोजतं. सागाच्या रेषाच ड्यूकोखाली झाकल्या, तर विकणार काय? पहिल्या पाच वस्तू हाताने करा. प्रत्येकीचा खर्च आणि तास वहीत लिहा. मशीन परवडेल का, ते वहीच सांगेल.