कुंपणानेंच शेत खाल्लें

अनाथ मुलाची इस्टेट ज्याच्या स्वाधीन केली, त्यानेंच ती फुंकून टाकली, तर कुंपणानेंच शेत खाल्लें असें आपण म्हणतों, आणि अशा विश्वस्तास कोर्टांत खेंचतों. तेंच कृत्य एखाद्या बलाढ्य राष्ट्रानें केलें, म्हणजे मात्र त्यास 'मानवजातीचें कल्याण' असें भारदस्त नांव मिळतें. प्रशांत महासागरांतील मार्शल बेटांच्या वांट्यास हेंच कल्याण आलें.

१९४६ च्या फेब्रुवारींत अमेरिकन आरमाराचा एक अधिकारी बिकिनी बेटावर आला, आणि मानवजातीच्या हितासाठीं व सर्व युद्धांचा अंत करण्यासाठीं कांहीं काळ घरें सोडा, असें त्यानें रहिवाशांस सांगितलें. १६७ माणसें निघालीं. पुढें कांहीं कुटुंबें परतलीं. परंतु तेथील अन्नावाटे किरणोत्सर्गी द्रव्य शरीरांत सांचूं लागल्यामुळें १९७८ सालीं त्यांस पुन्हां उठविण्यांत आलें. या मुलखाचें विश्वस्तपद संयुक्त राष्ट्रांनीं १९४७ सालीं अमेरिकेस दिलें, तेव्हां रहिवाशांच्या जमिनींचें रक्षण करण्याचें वचन करारांत लिहून घेतलें होतें. तरीहि १९४६ ते १९५८ या अवधींत तेथें ६७ अणुस्फोट झाले. १ मार्च १९५४ चा एकच स्फोट हिरोशिमावरील बाँबच्या सुमारें हजारपट होता. रोंगेलाप बेटावर पोंवळ्यांची पांढरी राख पडली, मुलें तींत खेळलीं, आणि त्यांस तेथून हलविण्यास दोन दिवस लागले.

यावर कित्येक सुशिक्षित गृहस्थ म्हणतात कीं, मूठभर लोकांच्या गैरसोईपुढें कोट्यवधींची सुरक्षितता अधिक मोलाची नव्हे काय? त्याग खरोखरच थोर आहे. पण तो स्वतःचा असेल तर! स्वतःच्या अस्थि देणाऱ्या दधीचीस आपण पूज्य मानतों. शेजाऱ्याच्या अस्थि परस्पर देऊन टाकणाऱ्यास काय म्हणावें? अमेरिकेनें स्वतःच्या नेव्हाडा प्रांतांतहि स्फोट केले, हें खरें. परंतु सर्वांत मोठे स्फोट समुद्रापलीकडेच नेले. धोका ठाऊक नव्हता, ही सबब येथेंच गळून पडते.

मागाहून झालेली सफाई पाहा. एनेवेटाक येथील रुनिट बेटावर १९५८ च्या स्फोटानें पडलेल्या खड्ड्यांत दूषित माती लोटून तिजवर सुमारें अठरा इंच जाडीचें काँक्रीटचें झांकण बसविलें. १९८० सालीं तें काम पुरें झालें. खड्ड्याच्या तळाशीं अस्तर घातलेंच नाहीं, आणि भरती-ओहोटीबरोबर तेथील भूजल वरखालीं होतें. या मातींतील प्लुटोनियम निम्में होण्यास चोवीस हजार वर्षें लागतात. इतक्या मुदतीच्या कर्जास अठरा इंचांचें तारण कोणता सावकार मान्य करील?

आपले हात तरी कितपत स्वच्छ आहेत? २ एप्रिल १९५४ रोजीं पंडित नेहरूंनीं लोकसभेंत या चांचण्या थांबविण्याची मागणी केली, तेव्हां भारताचा आवाज दुर्बलांचा आवाज होता. २०१४ सालीं त्याच मार्शल बेटांनीं, निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटी करीत नाहींत म्हणून, नऊ अण्वस्त्रधारी राष्ट्रांविरुद्ध हेग येथील न्यायालयांत धांव घेतली. त्यांत प्रतिवादी म्हणून भारतहि होता. ५ ऑक्टोबर १९१६ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे ५ ऑक्टोबर २०१६ रोजीं, नऊ विरुद्ध सात मतांनीं न्यायालयानें अधिकारकक्षेच्या मुद्यावर दावा काढून टाकला. आपण सुटलों, परंतु फिर्यादीच्या गाऱ्हाण्याचें उत्तर त्या निकालांत नाहीं. तें आपणच देणें आहे, आणि १९५४ सालीं आपण काय बोललों होतों, तें आठवूनच दिलें पाहिजे.