‘सावित्रीजोती’चा प्रेक्षक

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या जीवनावरील ‘सावित्रीजोती’ ही मालिका सोनी मराठी वाहिनीवर जानेवारी २०२० मध्ये सुरू झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, सावित्रीबाईंची जयंती अवघ्या काही दिवसांवर आली असताना, ती बंद पडली. पुरेसा प्रेक्षकवर्ग मिळाला नाही, असे कारण त्या वेळी सांगण्यात आले. टाळेबंदीमुळे मध्यंतरी चित्रीकरण थांबले होते, हेही खरे. परंतु ती आपत्ती सर्वच मालिकांवर ओढवली होती. १८४८ साली पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा काढणाऱ्या दांपत्याला मराठी घरांत पुरते एक वर्षही राहता आले नाही. एका वाहिनीचा व्यवहार म्हणून ही गोष्ट सोडून देता येणार नाही.

‘राजा शिवछत्रपती’ (२००८) आणि ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ (२०१७ ते २०२०) या मालिकांना मराठी प्रेक्षकाने भरभरून साथ दिली. त्याबद्दल कोणी नाक मुरडण्याचे कारण नाही. शिवाजी महाराज रयतेचे आहेत, आणि १८६९ साली त्यांचा पवाडा रचणारे स्वतः जोतीरावच होते. प्रश्न वेगळा आहे. चिपळूणच्या छावणीतील लष्कराने रयतेचे दाणे, गवत, भाजीपाला लुबाडू नये म्हणून महाराजांनी लिहिलेले पत्र अफझलखानाच्या वधाइतकेच इतिहासाचा भाग आहे. पण ढाल-तलवारीचा खणखणाट पडद्यावर सहज उतरतो. सारावसुली, शाळा, पाण्याचा हौद यांतील संघर्ष दाखविण्यास अधिक प्रतिभा लागते आणि पाहण्यास अधिक सवड. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा एकही तलवार उपसली गेली नव्हती. तरी ती लढाईच होती.

प्रेक्षकांची मोजणी जाहिरातदारांसाठी होते, हे विसरून चालणार नाही. ठराविक घरांत यंत्रे बसवून काढलेला तो आकडा किती डोळे पडद्याकडे लागले, एवढेच सांगतो. पाहणाऱ्याच्या मनात काय रुजले, ते सांगत नाही. दूरदर्शनवर १९८८ साली श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ ही ५३ भागांची मालिका लोकांनी पाहिली, आणि तीत फुले यांनाही स्थान होते. दूरदर्शन सरकारच्या मुठीत होते, आणि सरकारची आरती ओवाळण्यात त्याने कसूर केली नाही. तरीही जाहिरातीच्या तराजूत न तोलता इतिहास मांडण्याची जागा तेथे होती. ती सरकारच्या मुठीतून सोडवून लोकांच्या हाती आणण्याऐवजी बाजाराच्या हवाली करण्यात आली, ही खरी हानी होय.

मात्र सारा दोष बाजारावर टाकून परिवर्तनवादी चळवळीला मोकळे होता येणार नाही. ११ एप्रिलला आणि ३ जानेवारीला पुतळ्यांना हार घालणारे कार्यकर्ते महाराष्ट्रात थोडे नाहीत. त्यांपैकी किती जणांच्या घरी रोज रात्री ही मालिका लागत होती? किती शाखांनी वस्तीतील स्त्रियांना एकत्र बसवून तिच्यावर चर्चा घडविली? मालिका बंद होणार असे कळल्यावर हळहळ व्यक्त झाली. हळहळ करण्याऐवजी आधी पाहिले असते तर ती वेळ कदाचित आली नसती. इतिहासाचा विपर्यास झाला म्हणून निषेधाची पत्रके काढणे सोपे असते. जे नीट मांडले जात आहे, त्याच्यामागे उभे राहणे अवघड, आणि तेच अधिक आवश्यक.

भिडे वाड्याची कथाही निराळी नाही. कित्येक वर्षे तो पडझडीत आणि खटल्यात अडकून होता; डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी ती जीर्ण वास्तू पाडण्यात आली. स्मारके सरकार उभारील. पण १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना प्राण वेचणारी बाई कोण होती, हे पुण्यातील पुढच्या पिढीला घराघरांत सांगण्याचे काम सरकारचे नाही आणि वाहिनीचेही नाही. ते कार्यकर्त्यांचे आहे.